आधी परीक्षण, मग गाणं

यवतमाळच्या आमच्या श्रवण मंडळाची एक रीत आहे. रविवारी वकीलसाहेबांच्या हॉलमध्ये जमायचं, जे रेकॉर्डिंग लावायचं त्याचं परीक्षण आधी मोठ्यानं वाचायचं, आणि मग ऐकायचं. म्हणजे पंगतीत बसायच्या आधीच भाजी खारट आहे हे ठरलेलं.

त्या रविवारी निवड माझी होती. मी एका रशियन सिंफनीची सीडी नेली. ऑर्केस्ट्रासोबत एक बाई शेवटपर्यंत गाते, मेलेल्या माणसांबद्दल. माझी याडी, म्हणजे आई, गेली तेव्हा बोरी अरबजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात माझ्या मावश्या एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडल्या होत्या, तिचं सगळं आयुष्य त्या रडण्यातून सांगत. भेटायला आलेले मंडळातलेच दोघं दाराबाहेर कुजबुजले, "केवढा हा तमाशा!" तो शब्द मला अजून सलतो. या बाईच्या आवाजात मला मावश्या ऐकू आल्या. मंडळानं एकदा तरी ते नीट ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

वकीलसाहेबांनी मोबाइलवरून परीक्षण वाचलं. गायिका गात नाही, नुसती रडते, संयम कशाला म्हणतात ते तिला ठाऊक नाही, असं काहीसं. मग मी सीडी लावली. बाईनं तोंड उघडलं नाही तोच माना हलू लागल्या.

"खरंच, रडूनच राह्यली ना हो," साहेबांच्या मिसेस म्हणाल्या आणि चहा आणायला उठल्या. कपबशा वाजू लागल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी साहेबांचा मोबाइल मागून घेतला. वाचलेल्या परीक्षणात सिंफनी हीच होती, पण गायिका दुसरी.

"साहेब, तुमी दुसऱ्याच रेकॉर्डिंगचं वाचलं! मंग इतका वेळ काय ऐकून राह्यले होते?"

लाज वाटेल कुणाला तरी, असं मला वाटलं. कुठली लाज! साहेबांनी बरोबर परीक्षण शोधलं आणि तेही वाचलं. त्यात या गायिकेच्या संयमाची तोंडभरून तारीफ होती.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "रडण्याचा लवलेश नाही हिच्यात."

पुन्हा माना हलल्या, त्याच माना. तमाशा म्हणणारे दोघं तर डोळे मिटून, मांडी ठोकून ऐकायला बसले. "मॅडम, पह्यल्यापासून लावा."

मी सीडी काढली आणि पिशवीत टाकली.

"काहून? काय झालं?"

"ही बाई रडते, साहेब," मी म्हणाले. "रडते म्हणूनच आणली होती."