निळ्या क्रेनमध्ये कोण बसायचं

जपानातल्या आमच्या गावाच्या स्टेशनाचं नावच ‘खेळण्यांचं गाव’ आहे. त्यामुळे इथे मोठी माणसं खेळण्यांवरून भांडली तर कुणी वळूनही बघत नाही. तरी अकुत्सुसानांचं जरा जास्तच. माणूस न्हावी, पण दुकानात वस्तऱ्यांपेक्षा यंत्रमानव जास्त. सगळे हातपाय मुडपून ट्रक, विमान नाहीतर इंजिन होणारे. दाढीला बसलं की या खेळण्यांच्या मालिकेचा इतिहास फुकट. सुरुवातीला म्हणे प्रत्येक यंत्रमानवाला अंगठ्याएवढा चालक असायचा. मग खेळणी समुद्रापार गेली, तिकडच्यांनी नवी गोष्ट रचली, यंत्रमानव स्वतःच जिवंत झाले आणि चालकांची नोकरी गेली.

घोडं अडलं होतं ते निळ्या क्रेनपाशी, म्हणजे क्रेन होणाऱ्या यंत्रमानवापाशी. ती नेमकी या दोन काळांच्या सांध्यावर निघालेली. छातीचं झाकण उघडलं की आत रिकामा कप्पा. चालक मात्र कुणालाच कधी सापडला नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेले, याच खेळण्यांचे वेडे निशिवाकीसान म्हणायचे, ती चालकाचीच जागा. अकुत्सुसान म्हणायचे, छे, जिवंत झालेली पहिली ती हीच. लहानपणी आजारपणात त्यांच्या उशाशी ही क्रेन असायची, आणि ती आपल्यासाठी आपणहून जागी राहते अशी त्यांची खात्री होती. अजूनही गेली नव्हती.

त्या सकाळी दाढी करून घेताना मी सहज बोललो, “आमच्या खेळण्यांच्या कारखान्याच्या गोदामातले जुने साचे आज भंगारात चाललेत. निळ्या क्रेनचापण.”

वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला.

“हे तू आत्ता सांगतोस, ओनुकी?”

“आधी वस्तरा उचला, मग सांगतो.”

आतून त्यांची बायको मिसाओ म्हणाली, “अहो, गिऱ्हाइकाचा गाल तरी पुरा करा.”

“गाल उद्याही असेल,” म्हणत त्यांनी विजेरी उचलली.

आम्ही पोचलो तेव्हा साचा ट्रकवर चढायच्या बेतात होता. अकुत्सुसान लोखंडावर ओणवे झाले. झाकणाच्या खाचेशेजारी मला तर सगळं गुळगुळीतच दिसत होतं. त्यांनी विजेरी तिरपी धरली, आणि वेल्डिंगने बुजवून घासून काढलेली एक कड उमटली. गोल डोकं, वाकलेले गुडघे. म्हणजे चालक साच्यात कोरला होता, आणि खेळणं बाजारात जायच्या आधीच बुजवला होता.

त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता विजेरी बंद करून म्हणतील, काही दिसत नाही. साक्षीदार मी एकटा, तोही तोंडाला साबण लावलेला. माझं कोण ऐकणार?

त्यांनी फोन लावला. निशिवाकीसान कानाने अधू, म्हणून ओरडून बोलतात. मला सगळं ऐकू येत होतं.

“निशिवाकीसान, बसलेला आहे.”

“कोण बसलाय?”

“चालक. साच्यात आहे, बुजवलेला. तुमचं बरोबर होतं.”

“मग तुमच्या आजारपणात रात्रभर जागायचा तो हाच म्हणायचा.”

“तो कसा जागेल? त्याला तर आधीच काढून टाकलेला. माझ्या क्रेनमध्ये कुणी नव्हतंच.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, “ते राहू द्या. डोक्यावर शिरस्त्राण आहे की नुसते केस?”

अकुत्सुसान पुन्हा ओणवे झाले. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

“थांब रे,” ते वर न बघता म्हणाले, “केसांचं काम आहे, घाई करू नकोस.”