आधी त्यांना घरी सोडतो

फोन हफ्र अल बातिनहून आला, तेव्हा मी रियाधच्या आमच्या प्राणिकक्षात ट्रेमधले दाणे निवडत होतो. पलीकडचा पोलीस माझ्यासाठी मुद्दाम सावकाश अरबी बोलत होता. गाडी, ट्रक, रस्ता एवढंच कळलं. मग तो म्हणाला, "मुकादम... खलास." मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि उगाचच पुन्हा उचलला. युद्ध संपून दोन महिनेही झाले नव्हते. सायरन, क्षेपणास्त्रं, विषारी वायूपासून वाचायला तोंडाला लावायचे मुखवटे, सगळ्यातून आम्ही सुखरूप निघालो होतो, आणि सर साध्या रस्त्यावरच्या अपघातात गेले.

मी सांगोल्याचा. वडील बाजार समितीत हमाल. दहावीच्या पुढे शिकलेला घरातला मी पहिलाच. प्राणिशास्त्रातली बी.एस्सी. पदवी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून मी अबकैकच्या तेलकंपनीच्या एका कॅम्पात स्टोअरकीपर म्हणून आलो होतो. एका शुक्रवारी तिथल्या कोकणी मंडळींकडे जेवायला मुकादम सर आले. हर्णैजवळचे, पन्नाशीचे, या देशात कुठे कोणते उंदीर राहतात याचं सर्वेक्षण करणारे. माझी पदवी ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. "प्राणिशास्त्र शिकून नट-बोल्ट मोजतोस? लाज नाही वाटत, सांगोलकर?" सगळे हसले. मीही हसलो, पण डोळ्यांत पाणी आलं, कारण तोवर त्या देशात माझ्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. पुढचे कित्येक महिने माझ्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, दारात खेटे घालून त्यांनी मला आपल्याकडे घेतलं. मी आज जो काही आहे तो त्या खेट्यांमुळे.

मला सगळं वाळवंट सारखंच दिसायचं. सरांनी ते माझ्यासाठी वेगवेगळं केलं. जिझानच्या वरच्या डोंगरांत त्यांनी मला कपारीतला काटेरी पाठीचा उंदीर दाखवला. अबकैकच्या मऊ वाळूत तीन बोटांचा जरबूअ दाखवला. जरबूअ म्हणजे मुठीएवढा, मागच्या लांब पायांवर कांगारूसारखा उड्या मारणारा उंदीर. या वाळूतल्याच्या तळव्यांना दाट केस असतात, त्यामुळे पाय रुतत नाहीत. आणि उत्तरेला, हफ्र अल बातिनच्या पलीकडे खडीचा कडक माळ लागतो, तिथे त्याचा पाच बोटांचा भाऊबंद राहतो, तळवे उघडे असलेला. त्याच्यावर सरांचा भारी जीव. "उंट आणि ससाणा वाचवायला अमीर लोक आहेत," ते म्हणायचे, "उंदराला कोण? तू आणि मी."

त्यांचा एक नियम होता. पकडलेला प्राणी मोजून झाला की ज्या बिळाचा असेल त्याच बिळाशी सोडायचा. प्रत्येक बिळाशेजारी आम्ही दगडांची छोटी उतरंड रचायचो, खूण म्हणून. युद्धाआधीच्या ऑगस्टमध्येही पाच बोटांचे जरबूअ मोजायला रियाधला आणले होते. आठवड्याभरात परत नेणार होतो. तेवढ्यात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसल्याची बातमी आली, उत्तरेचा रस्ता लष्करासाठी राखीव झाला, आणि पिंजरे आमच्याकडेच राहिले.

हिवाळा तसाच गेला. हर्णैहून सरांच्या पत्नीचे, भाभींचे फोन येत. लाइन लागली की आधी रडण्याचाच आवाज. आमच्यातले बरेच जण निघून गेले. सरांचं एकच पालुपद, "आधी त्यांना घरी सोडतो, मग मी येतो." एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, अबकैकच्या वाळूत सोडून देऊ ना. वाळवंटच आहे की!"

ते माझ्याकडे वळले. "सांगोल्याची शेळी हर्णैच्या खाडीत सोडशील? आणि म्हणशील, पाणी तर आहेच की?"

मी वरमलो. ते हसले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पोरा, जो जिथला, तो तिथेच जगतो. आपण सोडून."

सायरन वाजला की ते मुखवटा हातात घेऊन प्राणिकक्षातच बसायचे...

एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाला. मीही येतो म्हटलं, तर म्हणाले, "तू इथलं आवर. मी आलो की माझं तिकीट काढायचंय." पहाटे पिंजरे गाडीत चढवले, प्रत्येकावर ओलं फडकं टाकलं. "यल्ला, चला," असं त्या जरबूअना म्हणून ते निघाले.

अपघात परतीच्या वाटेवर झाला, हे मला हफ्र अल बातिनला गेल्यावर कळलं. त्यांचं दफन तिथेच झालं. मातीला हात लावून मी थेट माळावर गेलो. आकाश कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने काळवंडलेलं होतं. रणगाड्यांच्या पट्ट्यांनी जमीन फरशीसारखी दाबली गेली होती. आमच्या उतरंडी चिरडलेल्या, बिळं बुजलेली. मला वाटलं, सरांनी काय पाहिलं असेल इथे येऊन...

मग थोडं पुढे, चाकं न फिरलेल्या एका तुकड्यावर, खुरप्याने नुकती उकरलेली तिरपी भोकं दिसली. हातभर खोल, तोंडाशी मूठभर जव. सरांनी त्यांना बिळं सुरू करून दिली होती. बहुतेक उघडीच होती. वाकून वाकून बघत गेलो. एकाचं तोंड मात्र आतून ओलसर मातीने घट्ट लिंपलेलं होतं. जरबूअ दिवसा झोपताना असंच करतो. मी तिथेच बसलो आणि खूप रडलो.

मागच्या महिन्यात सरांची बॅग घेऊन हर्णैला गेलो. भाभींनी बॅग उघडली नाही. पाणी दिलं आणि विचारलं, "त्यांची ती जनावरं पोचली का रे?"

"पोचली, भाभी. एक तर मी बघितलं. आतून दार लावून झोपलं होतं."

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"हेही तसंच करायचे," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आले की पहिल्या दुपारी आतून कडी लावून झोपायचे. कोण भेटायला आलं तर मी ओट्यावरूनच सांगायची, आलेत, घरात आहेत, उठवू नका."