मनगटावरचे नाव

बागलीच्या वाटेने गेलो की ते प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते. तेव्हा मी देवास जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक मजूर निकालाचा कागद घेऊन आला. म्हणाला, "साब, म्हारी छोरी पास हुई गी, पण वा तो परीक्षा में बैठी ज नी."

हवालदार हसला. बाप हसला नाही. परीक्षेच्या दिवशी सुट्टी आहे असे सांगून वाचन केंद्राने मुलीला घरी ठेवले होते. महिनाभर चुलीपाशी धडा घोकलेली ती पोर आता धड जेवत नव्हती.

शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींना वाचायला शिकवणारे ते केंद्र. खर्च आधी गुंतवणूकदार करत. मुलींना वाचता येते असे बाहेरच्या तपासनिसांनी सांगितले, तरच सरकार तो नफ्यासह परत देई.

रोजनामच्यात नोंद घेऊन मी परीक्षेचे फोटो मागवले. मुलींनी वाचनाचे कार्ड तोंडासमोर धरलेले, चेहरे अर्धे झाकलेले. पण आमच्याकडे मुलींच्या हातावर नाव गोंदवतात, आणि या मुलीच्या म्हणून दिलेल्या फोटोतल्या मनगटावर दुसरेच नाव होते. शहरातल्या तपासनिसांना ती नक्षी वाटली असावी.

केंद्राच्या बाई देवासच्या मराठी घरातल्या. चौकशीत बराच वेळ हिंदीतून नाही म्हणत राहिल्या. फोटो पुढे ठेवला तेव्हा मराठीत बोलल्या, "ती फार अडखळते हो, साहेब. निकाल घसरला तर केंद्र बंद पडेल. मग सगळ्याच जणी घरी." शाळेत जाणारी एक मुलगी त्यांनी तिच्या जागी बसवली होती.

गुन्हा नोंदवला. केंद्र दुसऱ्यांच्या हाती गेले, पण चालू राहिले. फेरपरीक्षेला मी दाराशी उभा होतो. मजुराची ती पोर अडखळली आणि नापास झाली. मात्र उठताना मनगटावर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत तिने स्वतःचे नाव वाचले आणि बापाकडे पाहिले.

निकाल फार चांगला दिसला की घरी कोणाला ठेवले ते विचारावे, हे मी तिथे शिकलो. मीही अडखळणाराच होतो. मनावर गावातल्या शाळेच्या मास्तरांनी मला घरी ठेवले नाही, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली.

माझ्या आईच्या हातावरही नाव गोंदलेले होते. "बघ रे, माझंच आहे ना?" असे ती विचारी आणि मी वाचून दाखवी. तिलाच वाचायला शिकवावे, हे तिच्या हयातीत माझ्या कधी मनात आले नाही.