लाल कल्ला

रेवदंड्याच्या बाजारातली माझी नेहमीची मासेवाली गिऱ्हाइकाला आधी माशाचा कल्ला उघडून दाखवते. आत लालभडक असला की मासा ताजा. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा बाजारात गेले, तेव्हा तिने त्याच ओल्या अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. "तुजा कल्ला पांढरा परलाय गो!"

रक्त कमी असल्याचं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. "त्यांच्या गोल्या चुकवू नको, वर ह्या खा," म्हणत तिने पिशवीत मूठभर तिसऱ्या शिंपल्या जास्त टाकल्या. मग दर खेपेला आधी माझी पापणी, मग मासे. डोळा चुरचुरायचा, पण मी निमूट वाकायचे.

परवा पापणी ओढली आणि ती हरखून ओरडली, "ताजी हाय गो, एकदम ताजी!"

पलीकडची दोन गिऱ्हाइकं भाव विचारायला धावत आली.