तीन म्हणायच्या आधी

हिरामणभाऊंबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे होतं. ते लिहिणारा मी नसावा असं मलाच वाटतं, पण आमच्या गल्लीत दुसरं कोणी लिहीत नाही आणि मी त्यांच्या घरी रोज जातो. म्हणून जमेल तसं लिहितो.

पांढुर्ण्यात नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह खोलायचं काम त्यांनी जन्मभर केलं. लोक मात्र त्यांना पहिलवान म्हणून ओळखायचे, आणि तेही जिंकलेल्या कुस्तीसाठी नाही. सावरगावच्या कुस्त्यांच्या दंगलीत एकदा रामाकोन्याच्या गड्यानं त्यांना खाली घेतलं. पाठ मातीला लागली की नाही, यावर पंचांचं एकमत होईना. आमच्या बाजूचे लोक भांडायला उठले. तेव्हा हेच मधे येऊन म्हणाले, "लागली जी. मले समजली ना." त्या गड्याशी हात मिळवला आणि कपडे घालायला निघून गेले. आखाड्याचा नियमच तो. पाठ लागली की कुस्ती संपली, मग हुज्जत घालायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं की खांद्याला रोज काम द्या, यांनी स्वतः जोर लावला पाहिजे, नाही तर खांदा कायमचा आखडेल. बायको वत्सलाबाई तेल चोळायच्या, सून शीतल हात धरून वर-खाली करायची. हिरामणभाऊ तेवढा वेळ भिंतीकडे पाहत राहायचे. मी एकदा भीतभीत विषय काढला.

"नत्थूजी, पाठ लागली आता," ते म्हणाले. "काहून हुज्जत घालता?"

मी उठून घरी आलो.

शीतल बोरगावला कारखान्यात कामाला जाते. बसमध्ये मोबाइलवर जपानच्या कुस्त्या पाहायचा तिला नाद लागला होता. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं त्या टीव्हीवर लावल्या. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिथं संध्याकाळचा खेळ रंगात आलेला असतो. दोघी बाया लढत होत्या. एक उंच, निळ्या केसांची. दुसरी बुटकी, पिवळ्या कपड्यातली. उंच बाईनं पिवळीला उचलून आपटलं आणि तिच्यावर आडवी पडली. पाठ चांगली टेकली होती.

"झाली," हिरामणभाऊ म्हणाले. "बंद कर."

"नाही झाली, मामाजी. तीन मोजतेत अजून."

पंच खाली पडून जमिनीवर हात आपटत मोजत होता. दोन झाले आणि पिवळीनं खांदा उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हिरामणभाऊ चिडले. ही तर बेइमानी झाली, म्हणाले. पाठ लागली म्हणजे लागली. शीतलनं सांगितलं की लागली हे कोणी नाकारत नाही, पण तीन व्हायच्या आधी खांदा उठला तर कुस्ती चालू राहते. ते शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. पण तोंड टीव्हीकडे होतं, भिंतीकडे नाही.

पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, पिवळी आज आहे का म्हणून. मग मीही जाऊन बसू लागलो. आखाड्याभोवतीच्या दोरीला हात लावला की पकड का सोडतात, लढायच्या आधी रंगीत कागदाच्या पट्ट्या का फेकतात, हे आम्ही दोघं म्हातारे शीतलला विचारत असू. टीव्हीत कुस्तीचं वर्णन करणाऱ्याचं एक अक्षर कळत नसे. वत्सलाबाई खोलीत येत नसत. त्या बायांचे कपडे पाहून त्यांना लाज वाटायची. दारात पाठमोऱ्या बसून मेथी निवडत असत.

मी कुठेतरी ऐकलं होतं की यातली हारजीत आधीच ठरलेली असते. तसं मी हिरामणभाऊंना सांगितलं.

"ठरली असन," ते म्हणाले. "पण पडलं म्हणजे लागतेच. तिची पाठ पाहा, कशी लाल झाली."

खांद्याला जोर मात्र ते तरीही लावत नव्हते.

मग एक दिवस शीतल कामावर असताना मी जाऊन बसलो होतो. त्यांनी पाण्याचा गिलास स्वतःच घ्यायला हात लांबवला आणि खाटेवरून घसरून पाठीवर पडले. मी उचलायला गेलो, पण माझ्या अंगात तेवढा दम कुठला? गल्लीतून कोणाला हाक मारू का, विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"राहू द्या," म्हणाले.

त्या आवाजाची मला भीती वाटली.

वत्सलाबाई स्वयंपाकघरातून आल्या. हात कणकेनं भरलेले. त्या रडतील असं मला वाटलं. त्या हळूच गुडघ्यावर बसल्या आणि तळवा फरशीवर आपटला.

"एक."

हिरामणभाऊंनी डोळे उघडले.

"दोन."

हात पुन्हा वर गेला आणि तिथंच थांबला. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. बराच वेळ गेला. तरी त्यांनी हात खाली आणला नाही.

"अजी, उचला ना," त्या म्हणाल्या. "माझा हात दुखून राहिला."

हिरामणभाऊंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. डावा खांदा फरशीपासून सुटला. फार नाही, खाली रुमालाची घडी सरकेल इतकाच. वत्सलाबाईंनी हात मांडीवर ठेवला. तीन त्यांनी म्हटलंच नाही.

शेजारच्या पोरांना बोलावून आम्ही त्यांना खाटेवर ठेवलं. दम खाऊन झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "टीव्हीतला पंच इतका थांबत नाही."

"तो काय पिवळीचा नवरा आहे?" वत्सलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. तव्यावरची पोळी करपली होती.

आता सकाळी तेल लावून झालं की त्या खाटेच्या काठावर तळवा आपटत दोनपर्यंत मोजतात आणि हात वर धरून बसतात. कधी कधी फार वेळ बसावं लागतं.