केबल काढली कुणी?

"केबल कुणी काढली?" बायको एवढ्या जोरात ओरडली, की तेरणा नदीच्या पल्याडच्या म्हशीनं पान्हा चोरला म्हणतात.

बायको शिक्षिका. बदलीसाठी पसंतीच्या शाळा ऑनलाइन भरायचा तो शेवटचा दिवस. भरल्या नाहीत, तर तेरजवळची शाळा सुटून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला रवानगी. घरात मागं मी आणि माझ्या हातच्या भाकरी. त्या नळदुर्गच्या बुरुजाला लावल्या तर तोफेनंही निघायच्या नाहीत. मोबाइलवर भरावं, तर आमच्या गल्लीत रेंज येते ती फक्त लिंबाच्या शेंड्याला.

कॉम्प्युटरवर लाल फुली आणि खाली ओळ : 'नेटवर्क केबल काढलेली आहे.' वाकून पाहिलं, तर केबल जागच्या जागी. अंगठ्यानं दाबून धरली. फुली ढिम्म.

"अगं, मी धरून बसलोय, नि हा म्हणतो काढलीय! खोटारडा!"

"तो खोटं कशाला बोलंल? त्याला काय बदली पाहिजे?"

बदली पाहिजे होती शेजारच्या गुरुजींना. त्याच शाळेवर डोळा. आमची केबल जिन्यातून वर, माझ्या काकूंच्या खोलीतल्या नेटच्या डब्यात जाते, आणि वाटेत गुरुजींच्या खिडकीला घासते. त्यात ते सकाळपासून खिडकीत उभे राहून खाकरत होते. निष्पाप माणूस एवढा खाकरतो होय?

आधी घरचा तपास. खालूनच हाक मारली, "काकू, केबल काढली का तुम्ही?"

"न्हाय बाबा. हात बी लावला न्हाय."

काकू खोटं बोलत नाहीत. म्हणजे गुरुजीच! खिडकीशी गेलो. "गुरुजी, आमच्या वायरीला काय केलंत?"

"मला लई खोकला झालाय हो," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. हेही संशयास्पदच वाटलं.

परत येऊन बघतो, तर केबल खोचतात तिथला हिरवा दिवा विझलेला. तेव्हा आठवलं. लहानपणी काकू गोष्ट सांगायच्या आणि आम्ही हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की, "झोपलं गं पोरगं," म्हणून गोष्ट बंद. मी टक्क जागा असायचो, फक्त तोंडात गूळ असायचा. कॉम्प्युटरचंही तेच. त्याला वायर दिसत नाही. पलीकडच्या डब्यानं हुंकार दिला तर जोडलेली, नाही दिला तर काढलेली.

मग डब्याच्या तोंडात कुणी गूळ घातला?

जिना तीन ढांगांत चढलो. केबल डब्यात घट्ट. पण डब्याची विजेची पिन जमिनीवर, आणि बोर्डात काकूंचा मोबाइल निवांत चार्ज होत होता. चार्जर उपटला, पिन खोचली. जरा वेळानं खालून बायको किंचाळली, "आली! भरते!" आणि थोड्या वेळानं, "गेला एकदाचा फॉर्म!"

मी काकूंकडं वळलो. "काकू, मी खालून विचारलं तेव्हा सांगायचं न्हाय का?"

काकूंनी मोबाइल पदराला पुसला.

"तू केबलीचं इचारलंस. पिनीचं कुठं इचारलंस?"