हिरवळीच्या गाडीखालचा हात

हुलसूरहून धोंडिबाअण्णांचा पुतण्या आला आणि दारातच म्हणाला, "काका गेले." माझ्या तोंडून निघालं, "यंत्रावर?" तो गोंधळला. "न्हाई हो, बाजंवर बसून च्या प्यायलालते." मला हायसं वाटलं... आणि त्याचीच लाज वाटली. त्याला आता चार आठवडे झाले.

शहराबाहेर कोळारच्या कारखान्यात अण्णा मेकॅनिक, मी स्टोअरकीपर. शहराला दोन दिवसांआड पाणी, ऑफिसपुढच्या हिरवळीला मात्र रोज. आणि ती कापायला बसून चालवायची इंजिनाची गाडी. मॅनेजरसाहेब तिच्यावर अंबारीत बसल्यासारखे बसत. देखभाल अण्णांची. इंजिन कोमट असतानाच जुनं तेल काढायचं, हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा, मग कुशीवर आडवं होऊन पात्याभोवती घट्ट बसलेलं गवत खुरप्याने खरवडायचं. पातं इंजिनापासून वेगळं करायचा दांडा मोडलेला होता. त्याचा सुटा भाग येणार होता, म्हणजे येत नव्हता. किल्ली दिली की पातंही फिरे. म्हणून हात घालण्याआधी अण्णा बॅटरीची वायर सोडवून ठेवत.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. अण्णा बौद्ध, म्हणायचे, "तुमी हळदकुंकू लावा, मी तेल बदलतो." एका वर्षी त्या सकाळी ते पाना आणायला गेले आणि मी गाडी सजवायला घेतली. केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. एक वायर लोंबत होती. पूजेला बरं दिसेना, म्हणून मी ती नीट लावून टाकली.

पाहुणे वेळेआधी आले. साहेबांनी नारळ फोडला, गाडीवर चढले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मला केळीच्या पानांखालून पलीकडे अण्णांच्या चपला दिसल्या. पायांतच, आडव्या. वायर आठवली. एक हाक पुरली असती. पण पाहुण्यांसमोर, साहेबांच्या पूजेत माझ्यासारख्या कारकुनाने ओरडायचं? मी ओरडलो नाही. साहेबांनी किल्ली फिरवली.

गवताचा फवारा उडाला. खुरपं भिंतीवर आदळलं. पुन्हा टाळ्या. पलीकडून अण्णा उठले. मी त्यांची बोटं मोजली. पाच. दुसऱ्या हाताचीही मोजली.

"वायर कोन लावली?" त्यांनी नंतर स्टोअरमध्ये विचारलं.

"मी."

"आन् बघायलालतास. मग वरडलास कामून न्हाई?"

अण्णांनी ते कुणालाही सांगितलं नाही. मात्र पुढच्या वेळी गाडीखाली जाताना सुटी वायर माझ्या मुठीत दिली. "तू धर. तुझ्याएवढा भेलेला मानूस कारखान्यात दुसरा न्हाई." अण्णा निवृत्त होईपर्यंत दर वेळी मी ती धरून बसलो, घामेजलेल्या मुठीत, त्यांचा हात बाहेर येईपर्यंत.

परवा बायको मिक्सरचं पातं धुवायला बसली. मी प्लग काढला आणि हातात धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "बटन बंद हाय की. सोडा आता."

तिचे दोन्ही हात मला दिसेपर्यंत मी तो सोडला नाही.